दहा मिनिटांचें नाटक आणि घराची किल्ली

न्यूयॉर्क शहरांत ईस्ट व्हिलेज नांवाची एक जुनी वस्ती आहे. तेथें चौथ्या रस्त्यावर क्रेन थिएटर म्हणून एक लहानसें नाटकगृह आहे. पुरीं शंभर माणसेंहि त्यांत बसावयाचीं नाहींत. या जागेंत अनेक वर्षें ऐन जानेवारीच्या कडाक्याच्या थंडींत एक नाट्योत्सव भरत आला. एका संध्याकाळीं सहा-सात नाटकें, प्रत्येक नाटक दहा मिनिटांचें, आणि प्रत्येक नाटकाचा लेखक काळा व नवा. उत्सवाचें नांव 'द फायर धिस टाइम'. केली निकोल जिरोड या लेखिकेनें तो २००९ सालीं उभा केला. जेम्स बॉल्डविन यांनीं १९६३ सालीं आपल्या पुस्तकाच्या नांवांतच पुढच्या खेपेच्या आगीचा इशारा दिला होता. या मंडळींनीं 'पुढच्या' काढून 'या' घातलें, एवढ्यावरून त्यांचा रोख ध्यानांत यावा.

ज्यांनीं रात्र रात्र जागून तमाशा पाहिला, त्यांस दहा मिनिटांचें नाटक हें पोरखेळासारखें वाटेल. पण तो प्रकार तिकडे आतां चांगला रुळला आहे. केंटकी संस्थानांतील लुईव्हिल गांवच्या ॲक्टर्स थिएटरनें अशा नाटकांच्या स्पर्धा भरवून तो देशभर नेला. हिशेब सोपा आहे. टंकलेखन केलेल्या एका पानास सुमारें एक मिनिट, म्हणून दहा पानें. पात्रें दोन-तीन, फार तर चार. रंगमंचावर दोन खुर्च्या आणि एक टेबल, तेंच सहाहि नाटकांस. दिवा मालवला कीं एका नाटकाचीं माणसें बाहेर आणि दुसऱ्याचीं आंत. पुरें नाटक बसवावयाचें म्हणजे महिना-दीड महिना तालमी, नटांचें वेतन, देखावे, जाहिरात. इतका पैसा नव्या माणसावर कोण लावणार? दहा मिनिटांचें नाटक पडलें तरी कोणाचें घर बुडत नाहीं. म्हणून ज्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं, त्यास आंत घ्यावयाचें असेल तर हें दार स्वस्त पडतें.

अमेरिकेंत 'पीपल ऑफ कलर' असा एक शब्द चालतो. त्यांत काळे येतात, स्पॅनिश बोलणारे येतात, चिनी, जपानी, त्या भूमीचे मूळ रहिवासी, आणि आपल्या देशांतून तिकडे जाऊन राहिलेलेहि येतात. मराठींत आम्ही त्यांस गोरेतर म्हणूं. या पत्राच्या वाचकांस त्या शब्दाची घडण समजावून सांगावी लागणार नाहीं. काळ्यांचे, आशियाईंचे, सर्व गोरेतरांचे मिळून असे छोट्या नाटकांचे उत्सव आतां अमेरिकेंत ठिकठिकाणीं भरतात. आम्ही वर सांगितलेला उत्सव त्यांतला चांगला. त्याविषयीं आमचें मत अनुकूल आहे हें आधींच सांगून टाकतों, म्हणजे पुढें जें कडू बोलावयाचें आहे त्याचा विपर्यास होणार नाहीं.

सातासमुद्रांपलीकडची ही उठाठेव आम्हांस कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर जुनें आहे. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिलें तें अमेरिकेंतील काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या तेथल्या लोकांस अर्पण केलें. त्या दिवसापासून तिकडच्या काळ्या माणसाचें काय चाललें आहे तें विचारण्याचा हक्क आम्हांस पोंचतो. दुसरें कारण नाटकाचेंच आहे. याच जोतीरावांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलें होतें. कमिटीनें तें नापसंत केलें, आणि तें छापून वाचकांच्या हातीं पडावयास १९७९ साल उजाडलें; म्हणजे लेखक जाऊन ८९ वर्षें लोटलीं तेव्हां. तेव्हांपासून अमुक कमिटीनें अमुक नाटक नापसंत केलें असें कानीं आलें कीं, नाटक कसें होतें हें विचारण्यापूर्वीं कमिटींत कोण कोण होतें हें आम्ही विचारतों.

हाच प्रश्न त्या लोकांस विचारावा, जे म्हणतात कीं कलेस रंग नसतो, चांगलें नाटक आपल्या गुणानेंच वर येतें, मग काळ्यांसाठीं निराळा उत्सव कशाला? असें म्हणणारे सगळे दुष्ट असतात असें नव्हे. पुष्कळांस तें मनापासून खरें वाटतें. पण त्यांस न्यूयॉर्कच्या रंगभूमीचा इतिहास कोणीं सांगितलेला नसतो. १८२१ सालीं त्या शहरांत विल्यम अलेक्झांडर ब्राऊन नांवाच्या काळ्या गृहस्थानें 'आफ्रिकन ग्रोव्ह' नांवाचें नाटकगृह काढलें. जहाजावर कारभारी म्हणून नोकरी करून त्यानें पैसा जमविला होता. तेथें काळे नट शेक्सपियरचीं नाटकें करीत. शेजारच्या मोठ्या गोऱ्या नाटकगृहाचा धनी स्टीफन प्राइस यास तें खपेना. दंगे झाले, पोलिसांनीं भर खेळांतून नट धरून नेले, आणि दोन-तीन वर्षांत नाटकगृह बंद पडलें. ब्राऊननें १८२३ सालीं स्वतः लिहून केलेल्या 'किंग शॉटवे' नाटकाची प्रत आज कोठेंहि मिळत नाहीं. अमेरिकेंतील काळ्या माणसानें लिहून रंगभूमीवर आणलेलें हें पहिलें नाटक मानतात. त्याचें एक पानहि उरलें नाहीं. आणि पुढें सात-आठ वर्षांच्या आंत टी. डी. राइस नांवाचा गोरा नट तोंडास काजळी फांसून 'जिम क्रो' नांवाचा काळा विदूषक नाचवूं लागला, त्यास मात्र गांवोगांव गर्दी लोटली. काळ्यांस निराळें बसविणारे, निराळें शिकविणारे पुढचे सगळे कायदे त्याच विदूषकाच्या नांवानें ओळखले जाऊं लागले. गुणानें वर येण्याची वाट ही अशी होती.

जुन्या गोष्टी उकरून काढतां असें कोणी म्हणेल, म्हणून जवळची सांगतों. ॲलिस चाइल्ड्रेस या काळ्या लेखिकेचें 'ट्रबल इन माइंड' हें नाटक १९५५ सालीं न्यूयॉर्कमध्यें एका लहान नाटकगृहांत झालें. त्यांत एका नाटकाची तालीम चालू आहे. नाटक गोऱ्यानें लिहिलेलें, दिग्दर्शक गोरा, विषय मात्र काळ्यांवरील जुलमाचा. जमाव एका काळ्या पोराचा जीव घ्यावयास निघाला आहे, आणि त्याची आई त्यास त्यांच्या हवालीं होण्यास सांगते असें त्या गोऱ्यानें लिहून ठेवलें आहे. आईचें काम करणारी वयस्क नटी आयुष्यभर मान डोलावीत आलेली. ती एकदम थांबते आणि म्हणते, कोणती आई असें करील? नाटक चाललें; ब्रॉडवेवर नेण्याचें ठरलें. परंतु भांडवल घालणारांस शेवट गोड करून हवा होता. बाईंनीं कांहीं काळ फेरफार करून पाहिले, आणि अखेर नाहीं म्हटलें. १९५७ चा तो बेत बारगळला. दोन वर्षांनीं लोरेन हॅन्सबेरी यांचें 'अ रेझिन इन द सन' ब्रॉडवेवर आलें, आणि तेथें पोंचलेली पहिली काळी लेखिका हा मान त्यांस मिळाला. चाइल्ड्रेसबाई १९९४ सालीं वारल्या. त्यांचें नाटक ब्रॉडवेवर आलें तें २०२१ सालीं, ठरल्या वेळेहून ६४ वर्षें उशिरां. नाटक तेंच होतें. त्यांतला गुण १९५७ सालीं नव्हता आणि २०२१ सालीं उगवला, असें तर कोणी म्हणणार नाहींना?

आतां छोट्या नाटकाकडे येऊं. काळ्यांच्या रंगभूमीस छोटें नाटक हें नवें नाहीं. मोठें नाटक करावयास घर लागतें, आणि घर नव्हतें, म्हणून छोटें नाटक हीच कितीएक वर्षें त्यांची मुख्य मिळकत होती. १९२३ सालीं विलिस रिचर्डसन यांचें 'द चिप वुमन्स फॉर्च्युन' ब्रॉडवेवर झालें. काळ्या लेखकाचें तेथें झालेलें पहिलें गंभीर नाटक तें हेंच; आणि तें एकांकी होतें, दुसऱ्या खेळांच्या जोडीस लावलेलें. रस्त्यांतल्या लांकडाच्या ढलप्या व कोळशाचे तुकडे वेंचणाऱ्या एका म्हातारीची ती गोष्ट.

त्याच काळांत वॉशिंग्टन शहरीं जॉर्जिया डग्लस जॉन्सन या कवयित्रीच्या घरीं शनिवारीं काळे लेखक जमत. बाईंनीं जमावाकडून होणाऱ्या हत्यांवर कित्येक एकांकिका लिहिल्या. त्यांतल्या 'सेफ' या नाटकाची हकीकत आम्ही वाचली तेव्हां पत्र हातांतून खालीं ठेवून बराच वेळ बसलों होतों. एका खोलींत एक बाई बाळंतपणाच्या वेणा देत आहे. बाहेरून एका काळ्या पोरास ओढीत नेणाऱ्या जमावाचा गलका येतो, आणि तो पोरगा आईला हांक मारतो तेंहि ऐकूं येतें. थोड्या वेळानें बाई बाळंत होते. मुलगा झाला हें कळतांच ती आपल्या हातांनीं त्याचा गळा दाबते, कां तर आतां त्यास कोणी नेऊं शकणार नाहीं. सगळें एका खोलींत, चार-पांच माणसांत. रस्त्यावरचा जमाव दिसत नाहीं, नुसता ऐकूं येतो. दहा मिनिटांत काय होणार असें ज्यांस वाटतें त्यांनीं हें नाटक मिळवून वाचावें. सरकारनें १९३५ ते १९३९ पर्यंत फेडरल थिएटर प्रोजेक्ट म्हणून बेकार नटांसाठीं मोठें खातें चालविलें होतें. बाईंनीं आपलीं नाटकें तेथेंहि धाडलीं. त्यांतलें एकहि रंगभूमीवर आलें नाहीं. आमचा प्रश्न वाचकांच्या ध्यानांत असेलच.

मग करावयाचें काय? डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनीं १९२६ सालीं 'क्रायसिस' मासिकांत त्याचें उत्तर दिलें. काळ्यांचें नाटक काळ्यांच्या जिण्याविषयीं असावें, काळ्यांनीं लिहावें, काळ्या प्रेक्षकांसाठीं असावें आणि काळ्यांच्या वस्तींतच व्हावें, अशा चार कलमांत त्यांनीं तें मांडलें. मासिकानें नाटकांस बक्षिसें लाविलीं. हार्लेममध्यें १३५ व्या रस्त्यावरच्या वाचनालयाच्या तळघरांत 'क्रिग्वा' नांवाची नाटकमंडळी उभी राहिली. म्हणजे पुढें चौथ्या रस्त्यावर जें चाललें, त्याचें बीज या तळघरांत आहे.

पण येथें एक गोष्ट सांगणें भाग आहे. ती आपल्या बाजूची आहे म्हणून गिळून टाकणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १९२७ सालीं या मंडळीनें युलाली स्पेन्स या शाळामास्तरीण लेखिकेची 'फूल्स एरंड' ही एकांकिका एका मोठ्या स्पर्धेंत नेली. बहुतेक मंडळ्या गोऱ्यांच्या. तेथें या नाटकास २०० डॉलरचें बक्षीस मिळालें. तो पैसा द्यु बॉइस यांनीं स्पर्धेच्या खर्चांत वळता करून घेतला. लेखिकेस कवडी मिळाली नाहीं, नटांसहि नाहीं. मंडळी फुटली. खर्च खरा झाला असेल, हिशेबहि बरोबर असेल. द्यु बॉइस यांच्या थोरवीस आमच्या लेखी त्यामुळें बाध येत नाहीं. तथापि समाजकार्य आहे म्हणून लिहिणाराणें फुकट लिहावें, ही जी आपल्या पुढाऱ्यांची समजूत, तिनें गोऱ्या कमिट्यांइतकींच नाटकें मारलीं आहेत. स्पेन्सबाई दिवसभर मुलें शिकवून रात्रीं लिहीत होत्या. अशा माणसास टाळ्या पुरत नाहींत.

छोट्या नाटकाच्या जोरावर घर बांधून दाखविलें तें डग्लस टर्नर वॉर्ड यांनीं. १९६५ सालीं सेंट मार्क्स प्लेहाउसमध्यें, म्हणजे आमच्या चौथ्या रस्त्यापासून हांकेच्या अंतरावर, त्यांच्या दोन एकांकिका जोडीनें लागल्या. त्यांतली 'डे ऑफ ॲब्सेन्स' ही ज्यानें ऐकली तो विसरणार नाहीं. दक्षिणेंतलें एक गांव सकाळीं जागें होतें तों गांवांत एकहि काळा माणूस नाहीं. गोऱ्यांचीं तान्हीं मुलें रडत आहेत, त्यांस घ्यावयास दाई नाहीं. आईस दुपटें कसें बदलावें तें ठाऊक नाहीं. झाडलोट नाहीं, स्वयंपाक नाहीं, कारखाने थंड. गांवचा नगराध्यक्ष दूरचित्रवाणीवर उभा राहून प्रथम धमक्या देतो, मग गयावया करतो, कोठें असाल तेथून या म्हणून. आणि हे सगळे गोरे गांवकरी कोण? काळे नट, तोंडास पांढरा रंग फांसून! राइसच्या काजळीचें उट्टें सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं अशा रीतीनें निघालें. हंसून हंसून लोकांची पुरेवाट झाली. खेळ एक-दोन आठवड्यांचा नव्हे, पांचशेंवर प्रयोगांचा झाला. पुढच्याच वर्षीं वॉर्ड यांनीं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें लेख लिहून अमेरिकेची रंगभूमि ही केवळ गोऱ्यांची आहे काय, असा जाब विचारला. फोर्ड फाउंडेशननें चार लाखांवर डॉलर देऊं केले, आणि १९६७ सालीं 'निग्रो एन्सेम्बल कंपनी' उभी राहिली. नाव त्या काळचें आहे. त्यावर आतां कोणी रुसूं नये. याच कंपनीनें पुढें चार्ल्स फुलर यांचें 'अ सोल्जर्स प्ले' आणलें, त्यास १९८२ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें.

वॉर्ड यांच्या एकांकिका चालल्या म्हणून कंपनी निघाली हें खरें. पण कंपनी निघाली म्हणूनच फुलरसारख्यांस पुरें नाटक लिहिण्यास जागा झाली, हें त्याहून महत्त्वाचें. आजच्या उत्सवांकडे पाहतांना आम्हांस नेमकी येथें शंका येते.

उत्सवानें माणसें पुढें आणलीं यांत वाद नाहीं. डॉमिनिक मॉरिसो येथल्याच. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतील मजुरांवरचें त्यांचें 'स्केलेटन क्रू' २०२२ सालीं ब्रॉडवेवर आलें. जोसेलिन बायो येथल्याच. हार्लेममध्यें केंस विणून देणाऱ्या आफ्रिकन बायकांच्या दुकानावरचें त्यांचें नाटक २०२३ सालीं ब्रॉडवेवर आलें. अँटॉइनेट न्वांडू यांचें 'पास ओव्हर', रस्त्याच्या कोपऱ्यावर अडकून पडलेल्या दोन काळ्या तरुणांचें, हें तर साथीच्या बंदीनंतर ब्रॉडवेवर उघडलेलें पहिलें नाटक. दहा पानें कोणीतरी वाचलीं, दहा मिनिटें कोणीतरी दिलीं, यानें माणसाच्या जिवांत जीव येतो. पहिल्याच उमेदीच्या वर्षांत लेखणी खालीं ठेवणारे किती असतील त्याची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. शिवाय या उत्सवाची एक गोष्ट आम्हांस विशेष पसंत आहे. काळ्यानें लिहिलें म्हणजे तें गुलामगिरीवर, तुरुंगावर किंवा बंदुकीवरच लिहिलें पाहिजे, ही जी बाहेरच्यांची अपेक्षा, ती त्यांनीं पहिल्या दिवसापासून धुडकावली. प्रेम, भुतें, आकाशांतले ग्रह, शेजारणींचीं भांडणें, जें सुचेल तें लिहा. दुःख सांगितलें तरच ऐकूं असें म्हणणारा श्रोता हा देखील एक प्रकारचा मालकच होय.

मात्र २०२१ च्या हंगामाचें जें गोडवे गाणें चालतें त्यांत आम्ही सूर मिळवूं शकत नाहीं. १२ मार्च २०२० रोजीं ब्रॉडवे बंद पडला. त्याच उन्हाळ्यांत जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानें देश पेटला, आणि गोरेतर नाट्यकर्म्यांनीं गोऱ्या नाट्यसंस्थांस उघड पत्र लिहून त्यांचीं कृत्यें चव्हाट्यावर मांडलीं. पुढच्या वर्षीं दारें उघडलीं तेव्हां एकाच हंगामांत काळ्या लेखकांचीं सात-आठ नाटकें लागलीं. पूर्वीं असें कधीं झालें नव्हतें. पण केव्हां लागलीं? जेव्हां प्रवासी परतले नव्हते, लोक शेजारीं बसावयास भीत होते, आणि साथीची आणखी एक लाट दाराशीं उभी होती तेव्हां. त्यांतलीं कांहीं नाटकें मुदतीपूर्वींच गुंडाळावीं लागलीं. पडिक वावर कुळास द्यावें, दुष्काळी वर्षीं द्यावें, आणि मग पीक आलें नाहीं म्हणून कुळाकडे बोट दाखवावें, हा न्याय आमच्या शेतकरी वाचकांस परका नाहीं.

ब्रॉडवेवर ४१ नाटकगृहें आहेत. त्यांतल्या तिहींस आज काळ्या माणसांचीं नांवें आहेत: ऑगस्ट विल्सन यांचें २००५ पासून, जेम्स अर्ल जोन्स आणि लीना हॉर्न यांचीं २०२२ पासून. नांवें दिव्यांत झळकतात, आम्हांस आनंद आहे. परंतु बहुतेक नाटकगृहें दोन-तीन बड्या गोऱ्या कंपन्यांच्या मालकीचीं; कोणतें नाटक लागावें व केव्हां उतरावें हें त्यांच्या कचेरींत ठरतें. नांव पाटीवर आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेस! खुद्द ऑगस्ट विल्सन यांनीं १९९६ सालीं प्रिन्स्टन येथें नाट्यसंस्थांच्या परिषदेंत हेंच तोंडावर सांगितलें होतें. देशांतील मोठ्या प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या संघांत तेव्हां ६६ संस्था होत्या. त्यांपैकीं काळ्यांची म्हणावी अशी एकच. गोऱ्या लेखकाच्या नाटकांत काळा नट घेतला म्हणजे प्रश्न सुटला असें समजणारांस त्यांनीं त्या भाषणांत चांगलेंच झोडपलें. त्यांवर पुढें न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्यें जंगी वादविवाद झाला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि किल्ली होती तेथेंच राहिली.

या विल्सन यांनीं विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकास एक अशीं दहा नाटकें लिहिलीं. दहा मिनिटांत आजोबा, बाप आणि नातू यांचें जुनें देणेंघेणें मावत नाहीं. त्यास तीन तास लागतात, आणि तीन तासांस घर लागतें. दहा मिनिटांच्या नाटकास एक खोडहि जडते. शेवटीं चटकदार कलाटणी द्यावयाची, लोकांस हंसवून दिवा मालवावयाचा. चार-पांच वर्षें तेंच करीत राहिलेल्या लेखकाचा दम कमी होतो, जसा फक्त शंभर यार्ड धांवणारास डोंगर चढतांना लागतो.

आणि आतां ज्यांस हें दार म्हणजेच घर वाटूं लागलें आहे, किंवा तसें भासविण्यांत ज्यांचा फायदा आहे, त्यांच्याविषयीं. मोठ्या गोऱ्या संस्थाहि हल्लीं गोरेतरांसाठीं छोट्या नाटकांची एक संध्याकाळ ठेवतात. ती बहुधा फेब्रुवारींत, कारण तो काळ्यांच्या इतिहासाचा महिना. वर्षांतला सर्वांत तोकडा महिना, त्यांतली एक रात्र, त्या रात्रींतलीं दहा मिनिटें! मोठ्या रंगमंचाचा वर्षाचा कार्यक्रम मात्र आधींच ठरलेला असतो, आणि देणगीदारांस पाठविलेल्या अहवालांत त्या रात्रीचीं छायाचित्रें पहिल्या पानावर असतात. कांहीं छोटे धंदेवाईक उत्सव याहून पुढें गेले आहेत. नाटक वाचावयासच लेखकाकडून फी घेतात, आणि प्रेक्षकांच्या मतांवर बक्षीस ठेवून लेखकासच आपले सोयरेधायरे तिकीट काढून आणावयास लावतात. नाटककारांच्या 'ड्रामाटिस्ट्स गिल्ड' या संघानें असल्या फीविरुद्ध आवाज उठविला आहे तो योग्यच आहे. उत्तेजन कोणास मिळालें, लेखकास कीं उत्सववाल्यास?

तेव्हां आमचें म्हणणें असें कीं, असा उत्सव गोरेतरांच्याच हातीं असावा, मग तो तळघरांत भरला तरी चालेल. नाटकें निवडणारी कमिटी त्यांचीच असावी. आणि दहा मिनिटांच्या लेखकासहि पैसे द्यावेत, थोडे कां होईनात, पण ठरवून आणि लेखी. घराच्या मालकीचा नाद सोडूं नये. बार्बरा ॲन टीअर यांनीं १९६८ सालीं हार्लेममध्यें 'नॅशनल ब्लॅक थिएटर' काढलें. आग लागून जागा गेली तरी न डगमगतां १९८३ सालीं पांचव्या ॲव्हेन्यूवर इमारत विकत घेतली. जागा आपली होती म्हणून २००८ सालीं बाई गेल्यावरहि संस्था टिकली. भाड्याच्या जागेंतल्या कितीएक मंडळ्यांचीं आज नांवें देखील पुस्तकांत शोधावीं लागतात.

सरकारी मदतीवर तर आतां भरंवसा ठेवतांच येत नाहीं. १९६५ सालीं स्थापन झालेल्या 'नॅशनल एन्डोमेंट फॉर द आर्ट्स' या सरकारी खात्यानें मे २०२५ मध्यें देशभरांतील कितीएक नाट्यसंस्थांस, आधीं मंजूर केलेलीं अनुदानें रद्द झाल्याचीं पत्रें एका रात्रींत धाडलीं. 'विविधता' हा शब्द कालपर्यंत अर्जांत घालावा लागे, तो आज खोडावा लागतो. जे काल त्या शब्दाचा जप करीत होते, त्यांतले कितीजण आज तोंड उघडतात तें दिसतेंच आहे.

म्हणून बड्या संस्थांनीं आम्हांस त्यांच्या छोट्या नाटकांच्या रात्रींचीं छायाचित्रें दाखवूं नयेत. पुढच्या हंगामाचें छापील पत्रक दाखवावें. त्यांत मुख्य रंगमंचावर, सुगीच्या महिन्यांत, पुऱ्या लांबीचें एक तरी नाटक त्या दहा मिनिटांच्या लेखकांपैकीं कोणाचें आहे काय, आणि त्याची तालीम किती आठवडे धरली आहे, एवढेंच आम्ही पाहणार आहों.